शिशाची वाटी

संपादकांनी लेख मागताना सांगितलं, "सिस्टर, दवाखान्यातला एखादा थरारक प्रसंग लिहा." थरार डॉक्टरांच्या वाट्याला येतो. नर्सच्या वाट्याला भांडी येतात. बेडपॅन, ट्रे, सुया उकळायचा डबा, थुंकीचा मग. माझी बत्तीस वर्षं या भांड्यांच्या संगतीत गेली आणि त्यातल्या एका भांड्यानं माझी झोप जेवढी उडवली, तेवढी कुठल्या सासूनंही सुनेची उडवली नसेल. तेव्हा त्या भांड्याबद्दलच लिहिते. ती एक वाटी होती, शिशाची.

मी नागपूरच्या एका सरकारी दवाखान्यात होते. कॅन्सरच्या पेशंटना किरण देण्याचा विभाग तिथे नवाच सुरू झाला होता आणि तिकडे कोणी आनंदानं जात नसे. माझ्या बरोबरीच्या सिस्टर म्हणत, तिथे काम केलं की लेकरं होत नाहीत. माझं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून मॅट्रननं यादीत माझं नाव सगळ्यात वर घातलं. माझं लग्न पुढेही झालं नाही, पण त्यात किरणांचा काही दोष नाही.

विभाग तळघरात होता. हातभर जाडीच्या भिंती, दार बँकेच्या तिजोरीसारखं जड. आत कोबाल्टचं यंत्र आणि त्याखाली एक टेबल. पेशंटला टेबलावर निजवायचं, त्याच्या अंगावर जांभळ्या शाईनं आखलेल्या चौकोनाशी यंत्र जुळवायचं आणि सगळ्यांनी बाहेर पडून दार लावायचं. बाहेर तंत्रज्ञ बटण दाबायचा. दोन-तीन मिनिटं पेशंट आत एकटा. दुखत नाही, दिसत नाही, वास येत नाही. असं रोज, चार-पाच आठवडे. पेशंट त्याला 'शेक' म्हणत. "आज माझा बारावा शेक हाय जी," असं सांगत दारात येत. चौकोन पुसला जाऊ नये म्हणून तेवढ्या जागी आंघोळ बंद असे, आणि मेच्या महिन्यात त्या तळघरात काय दरवळत असेल ते नागपूरकरांना सांगायला नको.

न दिसणाऱ्या गोष्टीची माणसाला भीती जास्त. महालातला एक हलवाई पहिल्या शेकाच्या दिवशी यंत्रासमोर नारळ फोडायला बसला. आमच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतलेली, नवस-नारळ आमच्याकडे नाही. पण मी त्याला अडवलं नाही, फक्त नारळ पायरीवर फोडायला लावला. खोबरं मीही खाल्लं, तंत्रज्ञानंही खाल्लं. दुसरे एक शाळामास्तर होते. त्यांची दोन वर्षांची पोर आईसोबत यायची आणि बापाला बघून हात पसरायची. मास्तर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. शेक चाललेल्या माणसानं लेकराला हात लावला की तो लेकराच्या अंगात उतरतो, असं त्यांना कोणी तरी सांगितलं होतं. "मास्तर, दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरतो का?" मी विचारलं. ते शिकवणारे, मी शिकवलेलं त्यांना कसं पटावं? पाच आठवडे त्या माणसानं पोरीला शिवलं नाही.

आता वाटी. तरुण पुरुषांना वृषणाचा, म्हणजे खालच्या गोळीचा कॅन्सर होतो. दोनांपैकी आजारी गोळी ऑपरेशन करून काढून टाकतात. टाके जांघेत येतात. मग आजार पोटात वर चढू नये म्हणून जांघेवर आणि पोटावर शेक देतात. उरलेली चांगली गोळी तिथे शेजारीच असते. तिला किरण लागू नयेत म्हणून तिच्यावर ही वाटी पालथी घालायची. दिसायला आमटीच्या वाटीएवढी, उचलली तर वरवंट्याइतकी जड. त्या माणसाला पुढे बाप व्हायचं असेल, तर त्याची सगळी मदार या वाटीवर.

पण ती ठेवणार कोण? पेशंट खेड्यापाड्यातले, पंचविशी-तिशीतले. आपल्या बायकोसमोर दिवसा सदरा काढायला लाजणारे. मीही तेव्हा फार तर तिशीची. मी माझी एक पद्धत बसवली होती. वाटी फडक्यात गुंडाळून पेशंटच्या हातात द्यायची, "ही ठेवून घ्या" म्हणायचं, पडदा ओढायचा आणि पाठ करून उभं राहायचं. "झालं जी" असा आवाज आला की वर चादर टाकून तंत्रज्ञाला हाक मारायची. पेशंटची अब्रू राखणारी सिस्टर म्हणून माझं नाव झालं होतं. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

रूपचंद आला तो सत्तर सालानंतर कधी तरी. रामटेकजवळच्या खेड्यातला, पण लकडगंजात लाकडाच्या एका टालीवर, म्हणजे वखारीत, आरा मशीनवर कामाला. वय सव्वीस. लग्नाला वर्ष झालेलं. त्याच्यासोबत बायको इंदू आणि आई गिरजाबाई असायच्या. इंदू डबा घेऊन बाकावर बसायची, सासू तिच्यापासून हातभर अंतर ठेवून. आजार काय आणि ऑपरेशन कशाचं, हे दोघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. रूपचंदनं घरी हर्निया सांगितला होता.

त्याला मी वाटी दिली, पडदा ओढला, पाठ केली. आतून आवाज आला, "झालं जी, सिस्टरबाई." असे आठ शेक झाले.

नवव्या दिवशी मोठे डॉक्टर आठवड्याच्या तपासणीला आले. आमच्या विभागाचे ते प्रमुख. कमी बोलायचे, आणि जे बोलायचे ते चष्मा पुसत. त्यांनी रूपचंदची जांघ बघितली आणि मला जवळ बोलावलं. शेकानं कातडी काळवंडते, तशी ती काळवंडली होती. पण टाक्यांच्या जागी मधोमध वाटीएवढा गोल डाग मूळच्या रंगाचा राहिला होता.

"वाटी कुठे ठेवत होतात?" डॉक्टरांनी त्याला विचारलं.

"टाक्यावर जी," रूपचंद म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर शहाण्या विद्यार्थ्याचा भाव होता. "जखम कच्ची हाय ना साहेब. मले वाटलं, टाक्याले गर्मी लागू नये म्हणून झाकण देऊन राहिल्या सिस्टरबाई."

त्याचं काय चुकलं? मशीनवर हात कापला तर तो जखमच झाकेल. वाटी कशासाठी आहे, हे मी त्याला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. सांगायचं तर नाव घ्यावं लागलं असतं. म्हणजे जिथे शेक पोचायला हवा होता तिथे वाटी आडवी आली, आणि जी गोळी जपायची ती आठ दिवस उघडी पडली.

डॉक्टर त्याच्यासमोर काही बोलले नाहीत. मला खोलीत नेऊन चष्मा काढला आणि म्हणाले, "सिस्टर, लाज पेशंटची राखायची असते. तुम्ही स्वतःची राखलीत." मी रडायला लागले. ते म्हणाले, "टाक्यांची जागा भरून काढता येईल, त्याचे आठ शेक वाढवू. दुसऱ्या बाजूला किती लागलं असेल, सांगता येत नाही. त्याला खरं सांगायला हवं. मी सांगू, की तुम्ही सांगता?"

मी म्हटलं, मी सांगते.

इंदू आणि गिरजाबाई पाणी प्यायला गेल्या होत्या. रूपचंद बाकावर एकटा होता. वाटी घेऊन त्याच्याशेजारी बसून मी सगळं सांगितलं, या वेळी नाव घेऊन. तो वाटीकडे बघत होता. म्हणाला, "म्हणजे मले लेकरू होणार नाही?"

"होईलही."

"झालं तर नीट होईल?"

"माहीत नाही, रूपचंदभाऊ."

"तुम्हाले माहीत नाही, का कोणालेच माहीत नाही?"

"कोणालाच नीट माहीत नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं. आजारी बाईला किरण दिले तर तिच्या पोटातल्या बाळाचं काय होतं, यावर बोलायला सगळे तयार. आजारी बापाला दिले तर त्याच्या बायकोच्या बाळंतपणाचं काय, यावर कोणी बोलत नसे. डॉक्टरांनी त्याला एवढंच सांगितलं, की शेक संपल्यावर दोन वर्षं मूल होऊ देऊ नका. पुरुषाचं बीज नवीन तयार होत राहतं, मधला काळ जाऊ द्या.

मला वाटलं होतं, तो ओरडेल. तो म्हणाला, "उद्यापासून तुम्हीच ठेवा जी वाटी. मी डोळे मिटून घेतो." दुसऱ्या दिवसापासून मीच ठेवली. त्याच्यानंतर जितके पेशंट आले, त्या सगळ्यांची मीच ठेवली, आणि ती कशासाठी आहे हे प्रत्येकाला सांगून ठेवली. पहिल्या दोन-तीन वेळा माझे कान गरम झाले. मग झाले नाहीत.

रूपचंद बरा झाला. दर तीन महिन्यांनी तपासणीला येई तेव्हा टालीवरच्या गोष्टी सांगे. इंदू मात्र दर खेपेला वाळत चाललेली दिसायची. दीडेक वर्ष झालं असेल, एके दिवशी रूपचंद डॉक्टरांकडे आत गेलेला असताना ती माझ्याजवळ आली. "बाई, एक विचारू? माझ्यात काही खोट हाय का?"

"का गं?"

"हे रात्री टालीवरच निजतेत. घरी आले तरी माझ्याकडे पाठ करून. सासूबाई मले वांझ म्हणतेत. मले ते चालते बाई, पण ह्यांले मी आवडत नसन तर ह्यांनी सांगून टाकावं."

दोन वर्षं मूल होऊ देऊ नका, एवढं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यासाठी साधी साधनं मिळतात हेही सांगितलं होतं. पण या बाबानं भीतीपायी बायकोपासून लांबच राहायचं ठरवलं होतं. मी रूपचंदला बाहेर बोलावलं आणि म्हटलं, आत्ता, इथे, हिला सांगा. त्यानं मान खाली घातली. "तुम्हीच सांगा जी."

मी आतून वाटी आणली आणि इंदूच्या हातात ठेवली. तिचा हात वजनानं खाली गेला. हर्निया नव्हता, कॅन्सर होता, शेक कशाचा होता, वाटी कशासाठी होती आणि माझ्या चुकीनं काय झालं, हे सगळं मी तिला सांगितलं. सांगताना मी तिच्याकडे बघत होते, ती त्याच्याकडे.

"एवढंच होतं तर मले काहून नाही सांगितलं?" ती त्याला म्हणाली. "दीड वर्ष मी देवाले शिव्या देऊन राहिली." मग पदरानं डोळे पुसून तिनं वाटी मला परत दिली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला घरी. आज टालीवर जायाचं नाही."

पुढे माझी बदली झाली. सरकारी दवाखान्यात नर्सला एका जागी मुरू देत नाहीत. मला तिथल्याच बाळंतपणाच्या वॉर्डात टाकलं. मरणाच्या दारातून एकदम जन्माच्या दारात. मी खूश होते. तिथल्या कागदावर बाईची सगळी कुंडली असायची. आधीची बाळंतपणं, पडलेले गर्भ, ताप, सूज, रक्त. बापाच्या वाट्याला दोनच रकाने, नाव आणि धंदा. ते रकाने भरताना मला दर वेळी तळघर आठवायचं.

दोन वर्षं उलटून काही महिने झाले असतील. सकाळच्या बाह्यरुग्णांच्या गर्दीत इंदू दिसली. तिला तिसरा महिना लागत होता. मी आनंदानं तिचे हात धरले, तर ते थंड होते.

गिरजाबाईला आता सगळं कळलेलं होतं. ती धानाच्या मुलखातली बाई. तिनं सुनेला सांगितलं होतं, "भाजलेलं बी उगवत नाही, अन् उगवलंच तं वाकडं उगवते." तिनं हे दुष्टपणानं म्हटलं नव्हतं. भावकीत कोणाचं तरी अधू पोर होतं आणि ते वाढवताना त्या आईचे झालेले हाल तिनं जवळून बघितले होते. गर्भ काढून घेणं तेव्हा नुकतंच कायद्यानं मोकळं झालं होतं. त्यासाठीच तिनं इंदूला दवाखान्यात पाठवलं होतं.

"बाई, ठेवू का?" इंदूनं मला विचारलं.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगायला हवी, जी मी आजवर कोणाला सांगितली नाही. रूपचंदच्याही आधी, तळघरात मी नवीन असताना, काटोलकडची एक बाई मला असंच विचारून गेली होती. तिच्या नवऱ्याच्या गळ्यातल्या गाठींना बाहेरगावी शेक देऊन वर्षं झाली होती आणि तिला दिवस गेले होते. मी तिला म्हटलं, "कशाला विस्तवाशी खेळता? एक लेकरू आहे ना, पुरे." मला काय ठाऊक होतं? काही नाही. डॉक्टरांना विचारावं, एवढंही सुचलं नाही. अंगावर पांढरा युनिफॉर्म होता, म्हणून तिला ते ज्ञान वाटलं. तिनं कुठल्याशा सुईणीकडे जाऊन गर्भ पाडून घेतला. नंतर एकदा ती महालात भाजी घेताना भेटली. मला ओळखून तिनं माझे हात हातात घेतले आणि म्हणाली, "तुमच्यामुळे वाचलो बाई आम्ही." शिव्या दिल्या असत्या तर मी सहन केल्या असत्या. ते आभार मला अजून सहन होत नाहीत.

म्हणून या वेळी मी 'ठेव' म्हटलं नाही आणि 'नको'ही म्हटलं नाही. रूपचंदला आणि गिरजाबाईलाही बोलावून घेतलं आणि इंदूसह तिघांना घेऊन मी तळघरात मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला आणि गिरजाबाईकडे बघून बोलायला सुरुवात केली. मला त्यांचं हे फार आवडलं, घरात निर्णय कोण घेतं ते त्यांनी ओळखलं होतं. "आजी, शेक तुमच्या सुनेला दिलेला नाही. तिचं शेत चांगलं आहे. तुमच्या मुलाचं तेव्हाचं बी गेलं, हे दोन वर्षांनंतरचं नवीन आहे. मला जेवढं ठाऊक आहे, त्यावरून भ्यायचं कारण दिसत नाही. पण सगळं ठाऊक आहे असं मी म्हणणार नाही. हमी मी देऊ शकत नाही. ती कुठल्याच बाळाची कोणी देऊ शकत नाही."

रूपचंद जमिनीकडे बघत होता. इंदू म्हणाली, "हमी तं लग्नाच्या वेळी ह्यांचीबी कोणी देली नव्हती मले. ठेवतो मी." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी मोठ्या डॉक्टरांना मोठ्यानं हसताना ऐकलं.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. सातव्या महिन्यात इंदूची आई तिला न्यायला आली, तर ही जायला तयार नाही. "बाईच्या हातानंच होईन," हा हट्ट. आई रुसून गावी गेली. मला अभिमान वाटायला हवा होता, पण मला धडकी भरली. ते आठ दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. महिन्याच्या तपासणीला ती आली की बाळाचे ठोके मी दोनदा ऐकायची. पोट जरा लहान वाटलं की रात्री जेवण जात नसे. जे व्हायचं ते माझ्या हातून आधीच होऊन गेलं होतं, आता फक्त ते बाहेर यायचं बाकी होतं, असं वाटायचं. नवस बोलता येत असता तर मी तेव्हा बोलले असते.

इंदू मेच्या अखेरीला दुपारी बाळंत झाली. वॉर्डाच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे होते, त्यांवर आया बादलीनं पाणी मारत होती आणि ते लगेच सुकत होतं. बाळ आलं, मुलगी. पण रडेना. मी तिच्या तोंडातला चिकटा रबरी नळीनं ओढला, पाठ चोळली, तळपायांवर टिचक्या मारल्या. इंदू मान उचलून विचारत होती, "काहून रडून नाही राहिली? बाई, काहून रडून नाही राहिली?" मग ती रडली, आणि अशी रडली की आयाच्या हातातली बादली खाली पडली. वजन साडेपाच पौंड. डोळे ठीक, टाळू ठीक, पाठीचा कणा ठीक. पायाची बोटं दहा. उजव्या हाताची पाच.

डाव्या हाताची सहा.

करंगळीच्या बाहेरच्या बाजूला आणखी एक, तांदळाएवढं नख असलेलं छोटंसं बोट. असली बोटं मी आधीही बघितली होती. एरवी हसून सांगितलं असतं, लक्ष्मी घेऊन आली म्हणून. पण त्या दिवशी मला समोर वाटी दिसली, जांघेवरचा गोल डाग दिसला आणि 'वाकडं उगवते' ऐकू आलं. हे माझं आहे, असं मला वाटलं. मी पाठ करून उभी होते, त्याचं हे बोट आहे.

लपवणं सोपं होतं. दुपट्यात हात आत गुंडाळला असता तर घरी जाईपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नसतं. पण लपवून एकदा काय झालं होतं, ते ठाऊक होतं. इंदूला मी आधी दाखवलं. ती थकलेली होती. तिनं ते बोट आपल्या बोटावर घेतलं आणि म्हणाली, "हे काय त्याच्यापायीच झालं, बाई?" मी म्हटलं, "मला सांगता येत नाही गं." मग बाळाला घेऊन मी बाहेर व्हरांड्यात आले.

गिरजाबाई उठून पुढे आली. मी दुपटं बाजूला केलं आणि डावा हात वर काढला. "आजी, पोरगी चांगली आहे. रडली उशिरा, पण आता ठणठणीत आहे. फक्त हे एक..." पुढे मला रडूच फुटलं.

गिरजाबाई त्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. "अन् तू काहून रडून राहिली वं बाई?"

मी म्हटलं, "वाटी चुकली होती ना, आजी. माझ्यामुळे चुकली होती."

तिनं आपला डावा हात पदरातून बाहेर काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. करंगळीच्या मुळाशी, बाहेरच्या बाजूला मसुरीच्या दाण्याएवढी गाठ होती. "हे पाह्य. मलेबी होतं. माझ्या मायनं घोड्याच्या केसानं बांधून पाडलं. माझ्या बापाले दोन्ही हाताले होतं, सहा-सहा. गावात त्याले बाराबोट्या म्हणत." तिनं नातीचं ते बोट चिमटीत धरलं. "तुह्या शेकाचं नाही हे. हे माह्या घरचं हाय." आणि ती बाई, जिनं हा गर्भ पाडायला पाठवलं होतं, तिथेच जमिनीवर बसली आणि मोठमोठ्यानं रडायला लागली.

तीन वर्षं ती माझ्यासमोर बाकावर बसत होती. तिचा तो हात मी कधी नीट बघितला नव्हता.

मी आत जाऊन आधी इंदूला सांगितलं. मग बाळाचा कागद भरायला घेतला. जन्मजात व्यंगाचा रकाना होता. त्यात मी लिहिलं, 'नाही.' फेरीवर आलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी हटकलं, "सिस्टर, सहावं बोट आहे ना?" मी म्हटलं, "ते व्यंग नाही मॅडम, ती आजी आहे." त्यांनी ते खोडून नियमाप्रमाणे लिहिलं, आणि ते बरोबरच होतं. मी फक्त कोपऱ्यात, जिथे काही विचारलेलं नव्हतं तिथे, बारीक अक्षरात लिहून ठेवलं की बापाला अमुक आजार होता, शेक दिला होता, मध्ये दोन वर्षं गेली आणि बाळ नीट आहे. पुढेही अशी जोडपी आली की मी लिहीत राहिले. ते कागद कोणी वाचले असतील असं वाटत नाही. पण पुढच्या एखाद्या सिस्टरला कोणी विचारलंच, तर तिला 'कोणालाच माहीत नाही' असं म्हणावं लागू नये, एवढीच माझी इच्छा होती.

कागद झाला आणि रूपचंदची आठवण आली. आईच्या रडण्याच्या धांदलीत तो कुठे होता, ते कोणी बघितलंच नव्हतं. बाळाला घेऊन मी परत व्हरांड्यात आले. तो पार टोकाला, पाण्याच्या माठापाशी, आमच्याकडे पाठ करून उभा होता. दोन्ही हात मागे, घट्ट बांधलेले. मला शाळामास्तर आठवले.

"रूपचंदभाऊ, वळा इकडे."

तो वळला, पण हात मागेच. "लांबूनच पाहतो जी. माह्या अंगात शेक हाय."

"तो तेव्हाच संपला. हात पुढे करा."

त्यानं हात पुढे केले. आरा मशीनवर राबलेले, तळव्यांना घट्टे पडलेले हात. मी दुपट्यासकट पोरगी त्या हातांवर ठेवली, तसा तो घाबरून म्हणाला, "सिस्टरबाई, कशी धरू?"

वाटी हातात घेऊन हेच त्याला पहिल्या दिवशी विचारायचं असेल. मी विचारू दिलं नव्हतं.

मी त्याच्यासमोर उभी राहिले. त्याचा एक हात धरून बाळाच्या मानेखाली नेला, दुसरा कमरेखाली. "ही मान जपायची. असं. बोटं पसरा. आता छातीशी घ्या." त्यानं तिला छातीशी घेतलं. पोरीचा डावा हात दुपट्याबाहेर आला आणि तिनं सहाही बोटांनी त्याच्या सदऱ्याची बटणपट्टी पकडली. तो नीट धरतोय, याची खात्री होईपर्यंत मी तिथून हलले नाही.